बलि, पाभत आणि अधन : कूटदन्त सुत्तातील अर्थनीतीचे एक परीक्षण

दीघनिकायातील कूटदन्त सुत्त हे यज्ञसंस्थेवरील बौद्ध टीकेचे प्रमुख साधन म्हणून आपल्याकडे दीर्घकाळ वाचले गेले. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर मात्र या सुत्ताला एक निराळेच महत्त्व प्राप्त झाले. करांचे ओझे कमी करावे, व्यापाराला मोकळीक द्यावी, म्हणजे खालावलेली अर्थव्यवस्था सावरते, असे मानणारे लेखक या सुत्ताचा आधार घेऊ लागले. आणि शासनाने सर्वांचे भरणपोषण करावे असे मानणारे लेखकही याच सुत्ताचा आधार घेऊ लागले. एकाच उताऱ्यातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघत असतील, तर उतारा तरी संदिग्ध असला पाहिजे किंवा वाचन तरी अपुरे असले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष वाचनाचा आहे.

हे परीक्षण करण्यास एक प्रसंग निमित्त झाला. नळदुर्ग येथे वर्षावासाच्या काळात या सुत्तावर बोलण्याची संधी मिळाली होती. राजा महाविजिताच्या पुरोहिताने सुचविलेली उपाययोजना सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "सर, शेतकऱ्याला बी दिलं, दुकानदाराला भांडवल दिलं, शिपायाला पगार दिला. ज्याच्याकडं शेतबी न्हाई, दुकानबी न्हाई आन् नोकरीबी न्हाई, त्याला काय दिलं राजानं?" त्या वेळी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते, हे मान्य केले पाहिजे. हा प्रश्न भाबडा नसून सुत्ताच्या अर्थनिर्णयाचा तो कळीचा प्रश्न आहे, हे पुढे मूळ पाठ पुन्हा पाहताना ध्यानात आले.

१. सुत्तातील प्रसंग

मगधातील खाणुमत हे गाव बिंबिसार राजाने कूटदन्त ब्राह्मणाला दान दिलेले होते. तेथे त्याने महायज्ञ मांडला असून सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बकऱ्या आणि सातशे मेंढे यूपांपाशी आणले आहेत. तथागत अंबलट्ठिकेत उतरले असता यज्ञाची सिद्धी कशाने होते हे विचारण्यास तो येतो. उत्तरादाखल तथागत त्याला पूर्वीच्या महाविजित राजाची कथा सांगतात.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. खाणुमत हे ब्रह्मदेय होते. म्हणजे तेथील उत्पन्नावरचा राजाचा हक्क ब्राह्मणाकडे सोपविलेला होता. करविचार ज्याला ऐकविला जात आहे, तो स्वतःच करमाफीवर जगणारा आहे. राजाला महायज्ञ करावयाचा असेल तर नवा बलि बसविणे अकर्तव्य ठरेल, हे वाक्य खाणुमतात बसून ऐकणाऱ्याला निश्चितच झोंबले असणार. करातील सवलत कोणाला मिळाली आहे आणि तिचा भार कोणावर पडला आहे, हा प्रश्न सुत्ताच्या चौकटीतच उभा आहे.

कथेतील राजाचा कोश भरलेला आहे. पण त्याचा जनपद चोर-दरोड्यांनी पीडलेला आहे. पुरोहित सांगतो की अशा स्थितीत कर वाढविणे योग्य नाही. वध, बंधन, दंड वा हद्दपारी यांनीही हा उपद्रव समूळ जाणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा पीडा देतील. उपाय एकच आहे. जे कृषी व गोरक्षण यांत झटतात त्यांना बीजभत्त, जे व्यापारात झटतात त्यांना पाभत आणि जे राजसेवेत झटतात त्यांना भत्तवेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले की ते राज्याला त्रास देणार नाहीत, राजाचा महसूल वाढेल आणि लोक मुलांना मांडीवर खेळवीत उघड्या दारांनी राहतील.

२. पूर्वसूरींचे वाचन

ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८९९ मध्ये या सुत्ताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यांना त्यात प्रामुख्याने उपरोध दिसला. यज्ञाची थट्टा करणारी एक चतुर कथा, या पलीकडे राजाच्या अर्थव्यवहाराकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात यज्ञयागाच्या संदर्भात हे सुत्त घेतले आणि त्यातील समाजहिताचा आशय मराठी वाचकांपुढे आणला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना तर हा उतारा आश्चर्यकारक इतका आधुनिक वाटला. यज्ञात धन जाळणाऱ्या समाजात धन उत्पादनात गुंतविण्याचा विचार मांडला गेला, हे त्यांनी नेमके हेरले.

या सर्वांचे ऋण मान्य करूनही एक उणीव दाखविणे अगत्याचे आहे. उताऱ्याचा आशय आधुनिक आहे असे म्हटले की तो आपल्या काळातील कोणत्याही धोरणाला जोडण्याची वाट मोकळी होते. मग कोणी 'नवा बलि नको' एवढेच उचलतो आणि त्याला करकपातीचे तत्त्वज्ञान म्हणतो. कोणी 'बीजभत्त' उचलतो आणि त्याला अनुदान म्हणतो. शब्दांचा नेमका अर्थ पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

३. शब्दविचार

प्रथम 'बलि' हा शब्द पाहू. पुरोहित कर रद्द करा असे म्हणत नाही. जनपद पीडित असताना नवा कर बसवू नका, एवढेच तो म्हणतो. पुढे मांडलिक, अमात्य, ब्राह्मण व गृहपती राजाकडे आपण होऊन धन घेऊन येतात, तेव्हा राजा ते परत करतो आणि धर्म्य बलीने मिळालेले आपले धन पुरेसे असल्याचे सांगतो. म्हणजे धर्म्य कर ही कल्पना सुत्ताला मान्य आहे. विनयपिटकातही हीच भूमिका आहे. दुसऱ्या पाराजिकेच्या विवेचनात जकातीचा माल चुकवून नाक्यापलीकडे नेणे हे चौर्यात गणले आहे, आणि जकात चुकविणाऱ्या तांड्याबरोबर जाणूनबुजून ठरवून प्रवास करणाऱ्या भिक्खूला पाचित्तिय सांगितले आहे. कर चुकविणे हा शील-भंग आहे, असे सांगणारी परंपरा करविरोधी असू शकत नाही.

अधर्म्य कर कसा असतो, हे गण्डतिन्दु जातकात दिसते. पांचाल राजाच्या राज्यात लोक दिवसा राजपुरुषांच्या भयाने घरांच्या दारांना काटेरी फांद्या लावून रानात जातात आणि रात्री चोर त्यांना लुटतात. एका म्हाताऱ्याच्या पायात तोच काटा रुततो आणि तो राजाला शाप देतो. वेषांतर करून फिरणारा राजा तो ऐकतो. कूटदन्त सुत्तातील उघडे दार आणि जातकातील काट्यांनी लावलेले दार ही दोन चित्रे समोरासमोर ठेवली की पालि परंपरेचा करविषयक निकष स्पष्ट होतो. दर किती, यापेक्षा त्या करानंतर माणूस आपल्या दारात निर्धास्त बसू शकतो काय, हे तेथे पाहिले जाते.

दुसरा शब्द 'पाभत'. त्याचे भाषांतर सर्रास 'कर्ज' वा 'व्यापारी साहाय्य' असे केले जाते. अट्ठकथा मात्र निराळे सांगते. आचार्य बुद्धघोषांच्या स्पष्टीकरणानुसार हे मूळ भांडवल साक्षीदार न ठेवता, पत्रावर न चढविता, परत घेण्याची अपेक्षा सोडून द्यावयाचे आहे. याच ठिकाणी ते चुल्लकसेट्ठि जातकाचा दाखला देतात. त्या जातकात एक गरीब तरुण रस्त्यावर सापडलेल्या मेलेल्या उंदरापासून व्यापार सुरू करून धनाढ्य होतो. ही कथा हल्ली उद्यमशीलतेचा गौरव म्हणून सांगितली जाते. भांडवल नसले तरी अक्कल असली की पुरे, असा तिचा अर्थ लावला जातो. परंतु बुद्धघोषांनी तिचा उपयोग 'पाभत म्हणजे भांडवल' हे सिद्ध करण्यासाठी केला आहे. उंदीर का होईना, पण हाती काही आले, तेव्हाच बुद्धी चालली. आणि तो उंदीर व्याजाने घेतलेला नव्हता.

तिसरा शब्द 'भत्तवेतन'. राजसेवकाला रोजचे अन्न आणि ठरलेले वेतन, असा त्याचा अर्थ. उपासिकेचा प्रश्न येथे येऊन ठेपतो. तिन्ही वर्गांसाठी सुत्ताने 'जे झटतात' अशीच शब्दयोजना केली आहे. ज्याला झटण्यासाठी स्वतःचे क्षेत्रच नाही, जो दुसऱ्याच्या शेतात झटतो, तो या तीन वर्गांत सरळ बसत नाही. 'राजसेवक' या शब्दात बेरोजगारांचा समावेश करणारे काही लेखक आपल्यात आहेत. त्यांचा हेतू चांगला असला तरी पाठ इतका ताणता येणार नाही.

तथापि मजूर या सुत्तात अगदीच नाही असे नाही. तो पुढे यज्ञाच्या वर्णनात येतो. राजाचे दास, नोकर व कामकरी दंडाच्या धाकाने, रडतरडत काम करीत नव्हते. ज्यांनी इच्छिले त्यांनी केले, ज्यांनी इच्छिले नाही त्यांनी केले नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे पहिल्या भागात मजुराला धन मिळत नाही, दुसऱ्या भागात त्याला वेठीपासून मुक्ती मिळते. ही मुक्ती मोठी आहे; पण तिने चूल पेटत नाही.

४. नळदुर्गची साक्ष

सुत्तातील हा क्रम आणि त्यातील ही फट केवळ ग्रंथापुरती नाही. नळदुर्गच्या इतिहासात ती डोळ्यांनी दिसते.

या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. येथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. तेर येथे बौद्ध अवशेषही मिळाले आहेत. व्यापाराचा मार्ग आणि धम्माचा मार्ग एकच होता, हे आपल्या परिसराला नवे नाही. नळदुर्गही मार्गावरचे गाव. बोरी नदीला किल्ल्यात अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, पाणीमहाल बांधला गेला. आजही पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहण्यास लोक लोटतात. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावाजवळूनच जातो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी थकली होती. या भूमीचा महसूल या भूमीसाठी नव्हता; तो फौजेच्या पगारासाठी गहाण पडला होता. कॅप्टन मेडोज टेलर यांच्याकडे येथील कारभार आला. त्यांनी जमीन मोजणी व रस्ते यांकडे लक्ष पुरविले, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला, म्हणून १८६० मध्ये हा मुलूख त्याला परत मिळाला.

त्या काळी हैदराबाद संस्थान कर्जात बुडालेले होते. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी जी सुधारणा केली, ती 'करनीती व व्यापार यांनी खालावलेली अर्थव्यवस्था सावरणे' याचे आपल्या प्रदेशातील सर्वांत ठळक उदाहरण होय. महसुलाची मक्तेदारी त्यांनी मोडली आणि पगारी अधिकारी नेमले. १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली. मालाला वाटेत ठिकठिकाणी द्यावी लागणारी राहदारी काढून टाकण्यात आली. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला. महसूल वाढला आणि संस्थानाची पत सुधारली. कूटदन्त सुत्ताच्या भाषेत सांगावयाचे तर अधर्म्य बलि कमी झाला, राजसेवकाला भत्तवेतन मिळाले, व्यापाराची वाट मोकळी झाली आणि राजाची रास वाढली.

मग दारे उघडी झाली काय? वेठबिगार पुढे कित्येक दशके चालू राहिली. संस्थानाच्या सीमेवरील जकात, जिला आपल्याकडील वृद्ध 'करोडगिरी' म्हणून ओळखतात, तीही राहिली. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सीमेवरील करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले ते उगाच नव्हेत. बाबासाहेबांच्या उपस्थितीत १९४१ मध्ये याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. वतन म्हणजे काय, तर भत्तवेतनाशिवाय घेतलेली सेवा. गावची व सरकारची कामे करावयाची आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. हा श्रमरूप कर होता आणि तो सर्वांत गरीब माणसाकडून वसूल होत होता. सालारजंगांच्या सुधारणेने व्यापाऱ्याच्या मालावरील राहदारी गेली. या माणसाच्या देहावरील राहदारी गेली नाही.

५. बाबासाहेबांची दृष्टी

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अर्थशास्त्रीय लेखन सुत्ताच्या शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहारावर त्यांनी १९१५ मध्ये प्रबंध लिहिला आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यातील अन्याय दाखविला. आयकराला उत्पन्नाची किमान मर्यादा असते, पण शेतसारा मात्र लहान शेतकऱ्यालाही सुटत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कर देण्याची ऐपत हा त्यांचा निकष होता. धर्म्य बलि या कल्पनेचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

तथापि बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. १९१८ मधील लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखविले की प्रश्न केवळ तुकडा लहान असण्याचा नाही. शेतीवर निष्क्रिय श्रमाचा भार आहे आणि त्याला अन्यत्र उत्पादक काम मिळाले पाहिजे, त्यासाठी औद्योगिकीकरण हवे. जो माणूस सुत्ताच्या तीन वर्गांत बसत नव्हता, त्याच्याविषयीचा हा विचार आहे.

आणि 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या अपूर्ण राहिलेल्या निबंधात त्यांनी जे सुत्त विस्ताराने घेतले, ते कूटदन्त नसून चक्कवत्तिसीहनाद आहे. ही निवड अत्यंत अर्थपूर्ण आहे.

६. अधन

चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा आपल्या मतीने राज्य करू लागतो. अमात्यांच्या सल्ल्यावरून तो धर्मानुसार रक्षणाची व्यवस्था करतो. पण अधनांना धन देत नाही. 'अधन' म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही तो. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हिंसा, हिंसेतून असत्य, आणि माणसाचे आयुष्यच घटत जाते. कायदा व सुव्यवस्था उत्तम असूनही राज्य ढासळते, हे या कथेचे मर्म आहे.

पहिला चोर पकडून आणल्यावर राजा त्याला धन देतो. ते ऐकून दुसरे चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाकडे वळतो. काही टीकाकार यावरून म्हणतात की बुद्धांनीच फुकट वाटपाचा धोका दाखविला आहे. हे वाचन उलटे आहे. सुत्ताचा आक्षेप देण्यावर नसून उशिरा देण्यावर आहे. संकट दाराशी आल्यावर, गुन्हा घडल्यावर, कोणाच्या ओरडण्यामुळे दिलेले धन समाजाला ओरडण्याची सवय लावते. आपल्याकडे दुष्काळ वा अतिवृष्टी झाल्यावर जाहीर होणारी पॅकेजे याच जातीची नाहीत काय, याचा विचार वाचकांनी करावा.

येथे एक शब्दसाम्य नोंदविले पाहिजे. कूटदन्त सुत्तात बीजभत्त व पाभत देण्यासाठी जे क्रियापद आले आहे, तेच चक्कवत्तिसीहनादात अधनाला धन देण्यासाठी आले आहे. आणि सिगालोवाद सुत्तात मालकाने दास-कामकऱ्यांना भत्तवेतन द्यावे असे सांगतानाही तोच धातू आहे. अनुप्पदान म्हणजे मागोमाग देत राहणे. बीजभत्तावर भाष्य करताना अट्ठकथा म्हणते की एकदा दिलेले पुरले नाही तर पुन्हा द्यावे, अवजारांसह द्यावे. तीन सुत्तांतील तीन ठिकाणी शेतकरी, व्यापारी, अधन आणि मजूर हे सर्व या एकाच क्रियापदाखाली येतात. कूटदन्त सुत्त एकटे वाचले तर उपासिकेच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तिन्ही एकत्र वाचली तर मिळते.

७. आजच्या करांची कसोटी

हा निकष आजच्या धोरणाला लावून पाहू. धाराशिव जिल्ह्यात खरिपात सोयाबीन हे मुख्य पीक झाले आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र शासनाने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू होता. मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १० टक्क्यांवर आणले. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे हा हेतू होता. दोन्ही हेतू समर्थनीय आहेत. परंतु ज्याच्याकडे दोन-चार एकर सोयाबीन आहे त्याला पहिला निर्णय हवा असतो, आणि जी बाई त्याच्या रानात काढणीला जाते व सायंकाळी पाव किलो तेल आणते तिला दुसरा. एकाच शुल्काच्या दोन टोकांना एकाच गावातील दोन माणसे बांधलेली आहेत. केवळ शुल्क वर-खाली करून दोघांनाही न्याय देता येत नाही, ही करनीतीची अंगभूत मर्यादा आहे.

दुसरे उदाहरण अंतर्गत करांचे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. राहदारी काढण्याचे जे काम सालारजंगांनी संस्थानापुरते केले, ते देशाच्या पातळीवर झाले, असे म्हणता येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचे दर मुख्यतः ५ व १८ टक्के असे ठेवण्यात आले. ट्रॅक्टर व ठिबक संचावरील कर १२ वरून ५ टक्के झाला. शेतीत झटणाऱ्याला हे साहाय्य आहेच. परंतु ट्रॅक्टर घेणारा आणि ट्रॅक्टर आल्यामुळे ज्याचे काम घटते तो, हे दोघे एक नव्हेत. करकपातीचा लाभ खरेदी करणाऱ्याला होतो. अधन खरेदीदार नसतो.

करात सूट देण्याची परंपरा जुनी आहे. अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी लुंबिनीला भेट दिली, तेव्हा त्या गावाला बलीतून मुक्त केले आणि राजभाग आठव्या हिश्शावर आणला, असे तेथील स्तंभलेख सांगतो. धम्मराजानेही सूट दिली. पण भाग पूर्णपणे सोडला नाही. कारण ज्याला सूट देण्यासारखे काही नाही, त्याच्यासाठी राजाच्या हाती काही उरले पाहिजे.

८. एक महाराष्ट्रीय उदाहरण

असे उदाहरण आपल्या राज्यातच आहे, आणि बौद्ध अर्थविचारावर लिहिणाऱ्यांनी त्याची दखल क्वचितच घेतली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात, ज्याच्या आठवणी आपल्या जिल्ह्यात अद्याप जिवंत आहेत, ही कल्पना राज्यभर विस्तारली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय पातळीवर केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

या योजनेचा पैसा कोठून आला, हे महत्त्वाचे आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लागू केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यावा आणि दुष्काळी रानातील मजुराला काम द्यावे, अशी ही रचना होती. ज्याला भत्तवेतन आहे त्याच्याकडून बलि, आणि ज्याला काहीच नाही त्याला भत्तवेतन. नवा बलि बसवू नये या पुरोहिताच्या वचनाला हा अपवाद वाटेल. पण तो अपवाद नाही. पुरोहिताने पीडिताला पुन्हा पिळण्यास मनाई केली होती. ज्याचे दार आधीच उघडे आहे त्याच्याकडून घेऊन ज्याच्या दाराला काटे आहेत त्याला देणे, हाच धर्म्य बलि.

या रचनेतही दोष होते. खडी फोडणे आणि कच्चे रस्ते करणे यांत श्रम गेले, पण बांध, तलाव, झाडे अशी टिकाऊ संपत्ती प्रत्येक ठिकाणी उभी राहिली नाही. हजेरीपट आणि मजुरी यांतील विलंब सर्वांना ठाऊक आहे. मागोमाग देत राहणे या शब्दाचा नेमका भंग तेथे होतो. शिवाय संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदातील व्यवसाय कराची वार्षिक मर्यादा १९८८ च्या दुरुस्तीने २५० वरून २,५०० रुपये झाली, ती तेथेच थांबली. पगार कित्येक पटींनी वाढले, मर्यादा मात्र तीच राहिली. या कराविषयी चर्चा झालीच तर तो रद्द करावा अशी होते. मर्यादा वाढवावी असे म्हणणारा विरळा. ही गोष्ट आपल्यातील शिक्षित वर्गाने स्वतःला विचारण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखकाच्या वेतनातूनही तोच कर कापला जातो, आणि त्याविषयी तक्रार करणाऱ्यांच्या पंक्तीत तोही अनेकदा बसला आहे.

९. समारोप

कूटदन्त सुत्त हे करकपातीचे समर्थन नव्हे आणि सरसकट वाटपाचेही नव्हे. पीडित जनपदावर नवा भार टाकू नये, उत्पादकाला व व्यापाऱ्याला परतफेडीच्या जाचाविना साधन द्यावे आणि कर धर्म्य असावा, इतके ते निश्चित सांगते. मजुराविषयी ते वेठीचा निषेध करून थांबते. तेथून पुढची वाट चक्कवत्तिसीहनाद आणि सिगालोवाद दाखवितात. या तीन सुत्तांना एकत्र न वाचता कोणत्याही अर्थसंकल्पाला 'बौद्ध' ठरविणे हे अभ्यासाला धरून होणार नाही.

सुत्त म्हणजे अर्थसंकल्प नव्हे, ही मर्यादाही ध्यानी ठेवली पाहिजे. विनिमय दर, तूट, चलनवाढ यांविषयी त्यात काही नाही आणि ते शोधूही नये. पण कोणतीही करयोजना वा व्यापारयोजना पुढे आली की विचारावयाचा पहिला प्रश्न त्यात आहे. तो नळदुर्गच्या त्या उपासिकेने विचारला होता. तिला उत्तर द्यावयाचे राहिले होते. ते असे : बाई, त्या राजाने तुम्हाला वेठीतून सोडविले, पण धन दिले नाही, ज्या राजाने तुमच्यासारख्यांना धन दिले नाही त्याचे राज्य कसे ढासळले, हे तथागतांनी दुसऱ्या सुत्तात सांगून ठेवले आहे. पुढच्या वर्षावासात ही दोन्ही सुत्ते एकत्रच वाचली जातील.